ओवाळणीतली गाडी

संतपूर,
२२ सप्टेंबर २०२४

तीर्थस्वरूप अक्कास,
अंकुशचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी यायला पाहिजे होतं, आलो नाही. नंतर निदान चार ओळी लिहायला पाहिजे होत्या, त्याही लिहिल्या नाहीत. आता गुडघा बरा झाला असेल असं धरून लिहितो, म्हणजे विचारायची लाज कमी वाटते. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही. मी ओरडून बोललो की तुझ्याशिवाय सगळ्या गल्लीला कळतं.

इकडे सोयाबीन चांगलं आहे, म्हणजे भाव पडणार. तूर चांगली नाही, म्हणजे भाव चढणार. मला दोन्हीची काळजी लागून राहिली आहे. पोटात सारखं गुडगुड होतं. डॉक्टर म्हणतो गॅस आहे. त्याला प्रत्येक माणसात गॅसच दिसतो.

पत्र लिहायचं खरं कारण आनंदाचं आहे. या भाऊबीजेला तुला साडी द्यायची नाही असं मी ठरवलं आहे. आमची पांढरी गाडी तुला द्यायची. द्यायची म्हणजे तुझ्या नावावर करायची. ती राहील इथेच, कारण तुझ्या दारात उभी करायला सोय नसेल, आणि तुला चालवता येत नाही. गाडी माझा हरिओम चालवील, त्याला सवय आहे. तुला काही म्हणता काही त्रास नाही. फक्त आधार कार्ड, दोन फोटो आणि सह्या.

हरिओम मजेत आहे. सूनबाई विजयश्रीही मजेत आहे. श्रावणात गाडीला जरा खरचटलं होतं, ते नीट करून घेतलं. विशेष नाही.

तुझा धाकटा भाऊ,
अंकुश


मु. पो. राजेश्वर,
३० सप्टेंबर

चि. अंकुशास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. तू आला नाहीस म्हणून डॉक्टरने ऑपरेशन थांबवलं नव्हतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कोणाच्या अक्काचं पत्र माझ्याकडे आलं. आपल्या वडिलांच्या जमिनीवरचा हक्क मी सोडून दिला, तेव्हा तू मला एक लुगडं नेसवलंस. ते पहिल्याच धुण्यात विटलं. त्यानंतर दरसाल भाऊबीजेला साडी देतोस, ती विजयश्री निवडते म्हणून अंगावर घालण्यासारखी असते. आणि आता एकदम चारचाकी! एक तर तुझी तब्येत बरी नसावी, किंवा गाडीची.

गाडी माझी. राहणार तुझ्या दारात. चालवणार तुझा लेक. मग माझ्या वाट्याला काय आलं? नाव. अशी ओवाळणी मी ऐकली नव्हती. मागच्या साली साडी देताना म्हणायचं होतंस, अक्का, साडी तुझी, नेसू मात्र विजयश्रीला दे.

आता खरचटण्याचं सांग. तुमच्या संतपुरात दिलेली आमच्या गल्लीतली सावित्रीबाई परवा माहेरी आली होती. तिने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, "मावशी, तुमच्या भावाची गाडी पोलीस ठाण्याच्या मागं हुभी होती की. म्होरची काच न्हाई, एक डोळा न्हाई." पोलिसांनी गाडीला पाहुणचाराला ठेवून घेतलं होतं का?

खरं लिही. खोटं लिहिताना तुझं अक्षर फार चांगलं येतं, ते मी शाळेपासून बघते.

अक्का


संतपूर,
८ ऑक्टोबर

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

कान बंद असून तुला एवढं ऐकू येतं, उघडे असते तर आम्हाला गाव सोडावं लागलं असतं.

झालं ते असं. हरिओम औरादला मित्राच्या लेकराच्या बारशाला गेला होता. बारशाला पाळणा गातात असं मला वाटत होतं. हल्ली पाळणा बायका गातात आणि पुरुष मागच्या अंगणात बसतात. मी विचारलं, किती घेतली होतीस? म्हणाला, "आप्पा, नावाला." पोलिसांनी त्याला त्या मशीनमध्ये फुंकायला लावलं. मशीनला नाव वगैरे काही समजलं नाही, तिने आकडाच दाखवला. कोर्टात दंड झाला, आणि सहा महिने लायसन्स बंद. आता फाल्गुनात परत मिळेल.

आपल्या बसस्टँडजवळ बांगड्या विकणारी गौरम्मा आहे ना, तिची टोपली उलटली. तिलाही थोडं लागलं. पंचांनी बसून ते मिटवलं आहे, त्याची तू काळजी करू नको. काळजी करायला मी आहे.

खरी भानगड पुढे आहे. गाडीच्या दुरुस्तीला विम्याची कंपनी एक रुपया देत नाही. दारू पिऊन चालवली म्हणे. मी बीदरला त्यांच्या कचेरीत गेलो. तिथली बाई काचेमागून म्हणाली, "काका, तुमचा मुलगा जोखमीच्या चालकांत मोडतो." मी म्हटलं, बाई, तो चौथीत असल्यापासून मोडतोच आहे, घरातलं काय काय मोडलं ते सांगू का? तिला हसू आलं नाही. दुसऱ्याला लागलं तर भरपाई देणारा विमा सक्तीचा आहे, तो ते देतील. पण आपल्या गाडीचा विमा पुढच्या साली एक तर नाही, नाहीतर एवढा महाग की त्यात माणसाने गाडीऐवजी म्हैस घ्यावी. मग मी बाहेरच्या बाकावर बसलो.

तिथे कल्लप्पा एजंट भेटला. फार सज्जन माणूस, चहा त्यानेच पाजला, पैसे मी दिले. म्हणाला, "अण्णा, कामून घाबरायलाव? गाडीचं नाव बदला की. घरातलं एखादं डाग नसलेलं नाव आणा. नवा मालक, नवा विमा, मागचं कोण बघायलंय?"

मग आम्ही दोघं डाग नसलेलं नाव शोधत बसलो. मला बीदरच्या चौकात लाल दिव्यावर दंड झालेला आहे. मला तो दिवा दिसलाच नाही, पण कॅमेऱ्याला मी दिसलो. विजयश्रीला स्कूटरवर हेल्मेट नाही म्हणून झालेला आहे. हरिओमचं तर विचारू नको. शेवटी कल्लप्पा म्हणाला, "तुमच्यात गाडीला कधी हातच लावला न्हाई असं कोन न्हाई व्हय?" आणि अक्का, मला एकदम तुझी आठवण आली. तू कधी गाडी चालवली नाहीस म्हणून कधी चुकली नाहीस. आपल्या सगळ्या घराण्यात पुण्यवान तू एकटी.

हरिओम सध्या गाडी चालवत नाही. म्हणजे उदगीरच्या बाजारला जातो तेवढंच, आणि कोणाचं भाडं आलं तर. त्याचं म्हणणं, लायसन्स बंद केलं आहे, हात बंद केले नाहीत.

आता यात लपवण्यासारखं काही उरलं नाही. होय म्हण.

तुझा,
अंकुश


राजेश्वर,
१७ ऑक्टोबर

चि. अंकुशास,
आशीर्वाद.

माझी आठवण तुला माझ्या ऑपरेशनला झाली नाही, एजंटाच्या चहावर झाली. बरं वाटलं.

माझ्या शेजारी नरहरराव मास्तर राहतात. त्यांची लेक सुकन्या बीदरच्या कोर्टात वकील आहे, सुटीला आली होती. तुझं पत्र मी तिच्यापुढे ठेवलं. मला ऐकू येत नाही म्हणून तिने मास्तरांची जुनी पाटी घेतली आणि त्यावर लिहून सांगितलं. तिने लिहिलं, गाडीने कोणाला उडवलं तर कंपनी आधी त्या माणसाला भरपाई देईल. मग चालवणाऱ्याचं लायसन्स बंद होतं म्हणून ती सगळी रक्कम मालकाकडून वसूल करील. मी विचारलं, "मालक कोण गं?" तिने खडू माझ्याकडे केला. मी विचारलं, "वसूल कशातनं करतील?" तिने खडू वर माझ्या पत्र्याकडे केला.

समजलं का? उद्या तुझ्या लेकाने अजून एका माणसाला "थोडं" लावलं तर माझं घर जाईल. तुझ्या मेहुण्याने मागे ठेवलेल्या या दोन खोल्या, माझं एवढंच आहे. तू मला गाडी देत नव्हतास, हरिओमची जोखीम देत होतास, वरून हळदकुंकू लावून.

सुकन्याने पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, काकू, सही करू नका. मी पाटी पुसली. दोन दिवस विचार केला, आणि ठरवलं.

मी गाडी घेते.

सोमवारी मी गुडघा दाखवायला बीदरला येणार आहे. तेव्हा आरटीओच्या कचेरीत काय सह्या करायच्या त्या करू. पण तू ओवाळणी म्हणतोस तर ओवाळणीसारखी दे. भाऊबीजेला गाडी राजेश्वरला घेऊन ये, ज्याचं लायसन्स चालू आहे अशा माणसाकडून चालवून. दोन्ही किल्ल्या माझ्या ताटात घाल. गल्लीतल्या बायकांना मी बोलावते, त्यांनाही कळू दे माझा भाऊ केवढ्या मनाचा आहे.

आणि गौरम्माला थोडं लागलं म्हणजे कुठे? तुझ्या थोड्याचा मला आता अंदाज आला आहे.

अक्का


संतपूर,
२४ ऑक्टोबर

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

सोमवारी सह्या झाल्या आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मला वाटलं होतं तू त्या वकील पोरीचं ऐकशील. शेवटी रक्त ते रक्त. हरिओमही खूश आहे. म्हणाला, "आत्या लई भोळी हाय, आप्पा." मी म्हटलं, भोळी नाही रे, देवमाणूस आहे. कल्लप्पा म्हणतो, किल्ल्या ताटात घालतानाचा फोटो काढून ठेवा, कोणी विचारलं तर भेट खरी होती म्हणून दाखवता येईल. तो स्वतः फोटो काढायला येणार आहे. लाडवाचं त्याला सांगून ठेवलं आहे.

गौरम्माचं तू विचारलंस. तिचा पाय. मांडीचं हाड. प्लास्टर निघालं पण हाड वाकडं जुळलं म्हणतात, बीदरच्या मोठ्या दवाखान्यात परत दाखवायला पाहिजे. पंचांसमोर हरिओमने सगळ्या उपचाराचा शब्द दिला होता. पहिल्या प्लास्टरपर्यंत पाळला. तिला बीदरला न्यायचं तर गाडी पाहिजे. आणि गाडी तर हरिओमला लागते.

तू ताट मोठं घे. किल्ल्यांना जाड कडी आहे.

अंकुश


राजेश्वर,
२० नोव्हेंबर

चि. अंकुशास,
आशीर्वाद.

भाऊबीजेला तू न जेवता गेलास. पुरणपोळी चार दिवस खाल्ली. आता राग निवला असेल म्हणून लिहिते. निवला नसेल तरी लिहिते.

माझं काय चुकलं ते मला अजून कळलं नाही. मी तुला पाटावर बसवलं, ओवाळलं. तू किल्ल्या ताटात घातल्यास, बायकांनी "बाई बाई" केलं, कल्लप्पाने फोटो काढला. मी किल्ल्या उचलून पदराच्या गाठीत बांधल्या. यात काय वावगं? मग तुझा लेक हात पुढे करून माझ्या कानाशी ओरडला, "आत्या, आन ती किल्ली, निघतो आमी."

मी म्हटलं, "ताटात पडलेलं परत मागायलास व्हय रे?"

तो म्हणाला, "गंमत करायलीस का, आत्या?"

मी म्हटलं, "गंमत तर तुमीच करायलाव. गाडी माजी, म्हनून फोटो बी काढला."

गल्लीतल्या बायका हसल्या, त्याला माझा इलाज नाही. भावाने ताटात टाकलेलं कोणत्या घरात परत जातं ते तू मला सांग. साडी दिलेली कधी परत नेलीस का? शेवटी तुम्ही दोघं बसने गेलात. बस चांगली असते, चालवणाऱ्याला लायसन्स असतं.

आरटीओचं नवं कार्ड माझ्या पत्त्यावर आलं. विम्याच्या त्या काचेमागच्या बाईकडे मी सुकन्याला घेऊन गेले आणि काही न लपवता सगळं सांगितलं, तुझा कल्लप्पा आणि त्याचं डाग नसलेलं नाव धरून. ती बाई तुझ्यापुढे हसली नव्हती, माझ्यापुढे हसली. विमा मिळाला. महाग पडला, तो मी भरला. भावाने बहिणीला ओवाळणी द्यायची आणि बहिणीने त्याचा हप्ता भरायचा, हीही नवीन रीत. गल्लीतला हणमंतप्पा गाडी चालवतो. एवढी हळू चालवतो की मागचे लोक त्याला शिव्या देऊन पुढे जातात. लग्नाची भाडी करतो, आम्हा दोघांचं भागतं.

भाड्याच्या मधल्या दिवशी गाडी तुमच्या संतपूरला येते. गौरम्माला बसवून बीदरच्या दवाखान्यात नेते आणि परत सोडते. तिच्या पायाचं ऑपरेशन ठरलं आहे. गाडी तुझ्या घरावरून जाते तेव्हा तू दाराआड उभा असतोस, असं हणमंतप्पाने सांगितलं. बाहेर येत जा. गाडी चावत नाही, तुझा लेक आत नसताना.

अक्का


संतपूर,
१६ मार्च २०२५

ती. अक्कास,
अंकुशचा साष्टांग नमस्कार.

एवढे महिने उत्तर लिहिलं नाही. रागात होतो. राग टिकवायलाही मेहनत लागते, आणि या वयात मला ती झेपत नाही, म्हणून लिहितो.

तू गेल्यावर इकडे काय काय झालं ते ऐक. म्हणजे तू गेली नाहीस, गाडी गेली, पण घरात मयत झाल्यासारखंच होतं. हरिओमने तुझ्यावर केस करायचं ठरवलं. कल्लप्पाला फोन लावला. कल्लप्पा म्हणाला, "अण्णा, केस कशी करताव? ओवाळनीचा फोटो माज्याकडंच हाय की." त्या फोटोत मी एवढा खूश दिसतो की कोणताही न्यायाधीश तुझ्याच बाजूने निकाल देईल. मग हरिओम माझ्यावर चिडला. मी तुझ्यावर चिडलो. विजयश्री कोणावर चिडली नाही, आणि त्यामुळे आम्ही दोघं तिच्यावर चिडलो.

पुढे काय झालं, त्याला गाडी नाही म्हणून मित्रांनी बोलावणं कमी केलं. एवढी घट्ट मैत्री होती, चार चाकांवर उभी होती. आता तो उदगीरला बसने जातो आणि दिवस मावळायच्या आत घरी येतो, कारण नंतर बस नाही. घरात जेवतो. भाजीला नावं ठेवतो. मला त्याची सवय नव्हती, आता झाली आहे.

गौरम्मा संक्रांतीच्या आधी परत बसस्टँडवर बसायला लागली. काठी घेऊन चालते, पण पाय सरळ पडतो. मी त्या बाजूने जात नव्हतो. एकदा जावं लागलं. तिने हाक मारली, "आप्पा, या की इकडं, अक्का बऱ्या हायती का?" तिने मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या, मी ऐकून घ्यायची तयारी करून गेलो होतो. ती तुझी खुशाली विचारत बसली. मी विजयश्रीसाठी बांगड्या घेतल्या. मापाच्या निघाल्या नाहीत.

अजून कधी रस्त्यावर करकचून ब्रेक वाजला की मी हातातलं टाकून उठतो. मग आठवतं, आपली गाडी अक्काच्या दारात आहे. मग बसतो. पोटातली गुडगुड कमी आहे. डॉक्टर म्हणतो त्याच्या गोळीने.

आता मुद्द्याचं. हरिओमचं लायसन्स परवा परत मिळालं.

त्या दिवसापासून तो फार गोड बोलायला लागला आहे. माझे पाय चेपून देतो. मी जन्मात पाय चेपून घेतले नाहीत, मला गुदगुल्या होतात, पण चेपतो. काल म्हणाला, "आप्पा, आता तर कागद बी साफ झाला. पाडव्याला गाडी आपल्या दारात पायजे. आत्याला लिवा. तुमचं ऐकंल ती." मी विचारलं, आणि ते दुसरं? म्हणाला, "ते कवाच सोडलं." शिमग्याच्या दिवशी तो कुठे होता ते मला माहीत आहे, आणि कसा आला तेही. कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून आला, म्हणून आला.

आणि मी काय म्हणालो असेन? व्हय म्हणालो. मला त्याला नाही म्हणता येत नाही. तो लहान असताना आलं नाही, आता तर तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. विजयश्री चहा घेऊन आली होती. तिने ते ऐकलं, कप खाली ठेवला, आणि तो गेल्यावर म्हणाली, "मामा, आत्याबाईंना लिवताव तर जपून लिवा." एवढंच. तिचे डोळे बघून मी कप तसाच तिच्याकडे परत दिला.

म्हणून तुला दोन पत्रं येतील. एक त्याने समोर बसून लिहून घेतलं आहे. त्यात मी तुझ्या पाया पडलो आहे, म्हातारपणाचा हवाला दिला आहे, आईची शपथ घातली आहे, आणि गाडी परत दे म्हणून लिहिलं आहे. अक्षर फार चांगलं आलं आहे. ते उद्या तो स्वतः टपालात टाकणार. हे मी आजच बसच्या कंडक्टरकडे देतो, म्हणजे आधी पोचेल.

ते पत्र खरं धरू नको. किल्ली देऊ नको. मी येऊन समोर रडलो तरी देऊ नको. मी रडेन, तो बरोबर असला तर रडावंच लागेल.

आणि त्या पत्राचं असं उत्तर लिही की मोठ्याने वाचताना सगळ्या घराची मान खाली गेली पाहिजे. त्यात मला भरपूर बोल. लोभी म्हण, लबाड म्हण, लेकाच्या ताटाखालचं मांजर म्हण, तुला शब्द सुचवायची गरज नाही. हात राखून लिहिलंस तर त्याला संशय येईल की मीच सांगितलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो पहिल्या बसने तुझ्याकडे निघणार आहे. त्याच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पाहिजे. अक्का, उशीर करू नको, मिळाल्या मिळाल्या लिही.

तुझा,
अंकुश